कमरेत घेतलेला स्कर्ट

शिंपीणबाईंची नजर साऱ्या गल्लीत नावाजलेली होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांनी नुसत्या डोळ्यांनी माप घेतलेलं असे, आणि ते पोटात ठेवणं काही त्यांच्या जिभेला जमत नसे. "काकू, यंदा कंबर कुठे विसरून आलात?" असं त्या भर दुकानात विचारत. स्वतःच्या लेकीला त्या 'ढबू' म्हणत. लहानपणी पोर होतीच गुटगुटीत, पण ती कॉलेजात गेली तरी नाव काही सुटलं नाही. मैत्रिणींसमोरसुद्धा हाक तीच, "ढबू, बटणांचा डबा आण गं." म्हणत लाडानेच, पण पोरीला ते आवडतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग ढबू पळायला लागली. सकाळी मैदानावर, संध्याकाळी पुन्हा मैदानावर. अंग उतरू लागलं तशी आई हरखली. लेकीचा निळा स्कर्ट त्यांनी कमरेत आत घेतला, काही महिन्यांनी पुन्हा घेतला. शिलाईच्या आतलं जादा कापड बाई कधीच कापत नसत, कारण कुणाची कंबर कधी वाढेल याचा नेम नसतो. इथे मात्र त्यांनी बेधडक कात्री चालवली. "आता सोडायची वेळ यायची नाही," त्या तोंडात टाचण्या धरूनच म्हणाल्या. "आत्ता कुठे शोभतेस माझी लेक!" ढबू आरशात बघून हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळचं खाणंही बंद केलं, आणि बाई मशीनवर असल्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

त्यांना कळलं ते भलतंच. बाथरूमच्या फळीवर पॅडचं पाकीट कधीचं न फोडता पडून होतं.

"लांबलीय जरा," ढबू म्हणाली. "मागच्या महिन्यातही आली नव्हती."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी येणारा. काही झालं तर लोक शेण घालणार ते आपल्याच तोंडात. त्या तडक उठल्या आणि दोन बस बदलून, कुणी ओळखणार नाही अशा औषधांच्या दुकानातून दिवस गेलेत का ते बघायची टेस्ट घेऊन आल्या. पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे दिवस गेलेले नव्हते. दुसरी एखादी आई हुश्श करून खाली बसली असती. बाई म्हणाल्या, "पट्टी चुकते. आईचा डोळा चुकत नाही."

दुसरी पट्टी आणली, तिसरी आणली. त्या वेळी त्या बाथरूमच्या दारातच उभ्या राहिल्या, पोर काही लबाडी करेल म्हणून. रेघ एकच.

"कोण आहे तो?"

"कोणी नाही गं, आई."

"मग काय हवेतून झालं?"

"पण झालंच नाहीये ना काही!"

इतकं सरळ उत्तर बाईंच्या कानात शिरलंच नाही. रोज सकाळी त्या लेकीला समोर उभी करून पोटाला टेप लावू लागल्या. ढबू मुकाट हात वर करायची आणि भिंतीकडे बघत राहायची. माप वाढत नव्हतं, उलट कमीच होत होतं. "मळमळून सुरुवातीला वाळतातच पोरी," असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ढबूला मळमळतंय का, हे बघायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

शेवटी लेकीला घेऊन त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून आधी लेकीशी बोलून घेतलं, मग तिला आत बोलावलं.

"पाळी लांबली की सगळे एकच समजतात," डॉक्टर म्हणाल्या. "पण ही दिवसभर पळते आणि खाते चिमणीएवढं. शरीराला पुरेसं मिळालं नाही, की ते आधी पाळीच थांबवतं. थायरॉइड वगैरेसाठी रक्त तपासू, कारणं आणखीही असतात. पण इतक्या उशिरा केलेल्या तीन-तीन टेस्ट खोट्या नसतात हो. कपडे सैल व्हायला लागले होते, तेव्हा तुमच्या लक्षात आलं नाही?"

सगळ्या गल्लीची मापं तोंडपाठ असलेल्या बाईंनी आत्ता कुठे लेकीकडे नीट बघितलं. लेक आपल्या चपलांकडे बघत होती.

घरी येताना त्या कशाबशा म्हणाल्या, "चुकलं माझं."

"पहिल्या पट्टीला तू नुसतं हुश्श म्हणाली असतीस ना," लेक म्हणाली, "तर मी सांगणार होते. मला चक्कर येते, केस गळतायत, भीती वाटते, सगळंच सांगणार होते." आणि ती दोन पावलं पुढे चालू लागली. बाईंना रडू आलं, पण रस्त्यात ते आवरावं लागलं.

रक्ताच्या तपासणीत दुसरं काही निघालं नाही. लेक डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे जेवू लागली, पळणं कमी केलं. बऱ्याच महिन्यांनी पाळी आली, आणि ते तिने डॉक्टरांना फोनवर सांगितलं. आईला ते मशीन थांबवून, पडद्याआडून ऐकावं लागलं.

मग एके दिवशी निळ्या स्कर्टचं बटण लागेना. बाईंना केवढा आनंद झाला! "आण इकडे, सोडून देते," म्हणत त्यांनी स्कर्ट उलटा केला आणि तसाच हातात धरून राहिल्या. आत सोडायला कापडच नव्हतं.

"नवा शिवते, थांब," असं म्हणून त्यांनी गळ्यातला टेप काढला. 'ढबू' ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

टेप दिसताच लेकीचे हात आपोआप वर गेले. नजर भिंतीवर.

बाईंनी टेप पुन्हा गळ्यात टाकला.

"हात खाली घे, बाळा," त्या म्हणाल्या. "बाजारातून तयारच घेऊन ये. घालून बघ, तुला बरा वाटेल तो घे."

"बरं," लेक म्हणाली, आणि चपला घालून एकटीच गेली.