दोन नावं, एक माणूस

एकसष्टच्या मार्चात बायकोला बाहेरून मॅट्रिकला बसवायचंच, असं बोनकोड्याच्या गोवर्धन मास्तरांनी ठरवलं खरं, पण तिसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं फिरलं. पाटीवर सकाळपासून एकच इंग्रजी वाक्य होतं: ‘जमुना, माय वाइफ, सेल्स फिश.’ आणि सुपातला जवळा निवडता निवडता जमुना चौथ्यांदा विचारत होती, “पन मासली इकतंय कोन? जमुना का वाइफ?”

“अगं, दोन्ही तूच!” मास्तरांनी खडू आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. “नामं दोन, माणूस एकच! याला समानाधिकरण म्हणतात. घसा बसला माझा सांगून सांगून!”

जमुनाचा हात सुपातच थांबला. “म्हंजे माझ्यासारखं? म्हायेरची कमळी, आनि लग्नात तुमी नाव बदललं ती जमुना?”

“शाब्बास! सुटलो एकदाचा!”

“आनि त्यातलं एक खोडलं तर?”

“खुशाल खोड. वाक्य मोडत नाही.”

“वाक्य नसंल मोडत,” ती म्हणाली आणि खाली मान घालून जवळा निवडायला लागली.