एक टिंब की तीन

पाटीवर पेन्सिल कर्रकन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. झोळीतलं बाळ हललं, पण उठलं नाही. मी माझ्या लेकीकडे, अरूकडे, डोळे वटारून पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. जिभेचं टोक बाहेर काढून ती ‘पे’ला टिंबं देत होती. एक, दोन, तीन. तिच्या मते उर्दूतला ‘बे’ गरीब, कारण त्याच्या पोटाखाली एकच टिंब. आणि ‘पे’ श्रीमंत, त्याला तीन.

अरूला अजून पाचवं सरलं नव्हतं. मला उर्दू माझ्या वडिलांनी शिकवली. शिकवली म्हणजे काय, ते अंबडच्या निजामी अदालतीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत, मी शाई खलायची आणि लिहिलेले कागद वाळवायची. वाळेपर्यंत वाचायची. त्यामुळे लग्न होऊन जुन्या जालन्यात आल्यावर गल्लीत कोणाला उर्दू कागद आला की तो आमच्या ओसरीवर येई. आमचे हे कापसाच्या जिनिंग प्रेसच्या कचेरीत कारकून, दिवसभर बाहेर. कागद मीच वाचायची.

त्या दुपारी कागद घेऊन आले ते रखमाजी उस्ताद.

उस्ताद म्हणजे कोणी गवई नव्हेत. जिनिंग प्रेसच्या फाटकावर ते चौकीदार होते. लहानपणी छावणीत गोऱ्या साहेबांचे लांब गेलेले चेंडू आणून द्यायचे, तिथंच फुटबॉल शिकले. प्रेसची टीम औरंगाबाद, परभणीपर्यंत नाव कमावून होती. मालक चांगल्या खेळाडूला बोलावून कामावर घेत. पण ती पहिली टीम. तिच्यामागे दुसरी टीम असे, आणि दुसरीच्या मागे पोरांची कच्ची टीम. या मागच्या दोन्ही उस्तादांच्या हातात. पहिल्या टीमला लोक खांद्यावर घेत, आणि उस्ताद तेव्हा मैदानाच्या कडेला पोरांच्या बंड्या मोजत असायचे.

त्यांची शिकवायची तऱ्हा मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. कच्च्या टीमच्या पोराला पहिले दोन महिने चेंडूच मिळायचा नाही. कुंडलिका नदीच्या वाळूत नुसतं पळायचं. मग चेंडू हातात आला की तो गेरूच्या पाण्यात बुडवून. डाव्या बाजूनं खेळणाऱ्या पोरानं फक्त डाव्या पायानं मारायचं. खेळ संपला की सगळ्यांनी रांगेत बसून पाय पुढे करायचे. उजवा पाय लाल दिसला की मैदानाला चार चकरा. माझा दीर बापू या शिस्तीतला. संध्याकाळी घरी आला की ओसरीवर एकाच पायाचे लाल ठसे उमटत. काका लंगडी घालत आला का, असं अरू रोज विचारी आणि तो रोज हो म्हणे.

दुसरी एक शिस्त मला फार आवडायची. तेव्हाच्या खेळात एकदा शिटी वाजली की अकराच्या अकरा तेच. मधे कोणी पडला तर दहांनी खेळायचं, बाहेरचा आत जाणार नाही. म्हणजे दुसऱ्या टीमच्या पोरानं पहिल्या टीमच्या सामन्याला रंगीत बंडी घालून उभं राहायचं ते शिटी वाजेपर्यंत. कोणी आला नाही तर हा आत. सगळे आले तर यानं तिथंच बंडी उतरवायची. उस्ताद म्हणत, बिनघामाची बंडी घामाच्या बंडीपेक्षा नीट घडी करून द्यायची. काठाला काठ. त्या हिवाळ्यात बापूनं अशी बंडी सात वेळा घडी करून दिली. घरी येऊन एकदाही तोंड वाकडं केलं नाही. जेवताना सामन्याचं सगळं वर्णन मात्र सांगे, जसं काही तोच खेळला.

मी या घरात आले तेव्हा बापू आठ वर्षांचा होता, आईवेगळा. वहिनी म्हणायला दोन दिवस लाजला. तिसऱ्या दिवशी डोक्यात ऊ झाली म्हणून रडत माझ्यासमोर येऊन बसला. अरू झाली तोवर माझं पहिलं लेकरू तोच होता. आता सोळाचा, शाळेत उर्दूत पहिला.

आणि बाबू. वडीगोद्रीच्या झुंबरबाईचा मुलगा. ती जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची, हा सरकीची पोती ओढायचा. तोही सोळाच्या आसपासचा, तोही डाव्या बाजूचा. मैदानावर ‘बापू’ आणि ‘बाबू’ अशा हाका एकमेकींत गुंतून जात, नेमकं कोण वळणार ते हाक मारणाऱ्यालाही ठाऊक नसे. दोघांत ती रंगीत बंडी एकच. एका सामन्याला हा, दुसऱ्याला तो. खेळून आले की दोघं ओसरीवर बसून भाकरी आणि ताक संपवत आणि एकमेकांची खोडी काढत. बापूनं एकदा मला हळूच सांगितलं होतं, “वहिनी, बाबू वळतो ना, तेव्हा चेंडू त्याच्या आधी वळतो. मला ते येत नाही.” मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, बघू.

तर उस्ताद ओसरीच्या काठावर बसले. एरवी ताठ बसणारा माणूस, आज उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होता.

“वहिनीबाई, हैदराबादेचा कागद हाय. मुनीम गावाला गेल्ते, म्हून तुमच्याकडं आलो. जरा जल्दी सांगा.”

कागदाबरोबर रेल्वेचा एक पास होता. मी वाचायला लागले. महिन्यापूर्वी हैदराबादच्या एका मोठ्या क्लबाचे गृहस्थ आमच्या मैदानावर सामना बघायला आले होते. सकाळी दोन्हीकडच्या दुसऱ्या टीम नुसत्या सरावाला खेळल्या, तिथं अकराचा नेम नव्हता; तेही ते बघत बसले. उस्तादांनी त्या दिवशी डावी बाजू दोघांना वाटून दिली होती, अर्धा खेळ बापू, अर्धा बाबू. तो क्लब पगारी खेळाडूंचा. आपल्या खेळाडूंची दुसरी टीम ठेवी आणि तिच्याखाली पोरांची, तिला ते बच्चा टीम म्हणत. पत्रात लिहिलं होतं की तुमच्या दुसऱ्या टीममधला डाव्या बाजूचा मुलगा आम्हाला पसंत आहे. राहणं, जेवण, बूट क्लबाकडून. दोन वर्षं बच्चा टीम, मग नशीब. पुढच्या जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, आत मुलगा रवाना करावा, उशीर झाल्यास जागा दुसऱ्याला जाईल. मुलाचं नाव—

मी थांबले.

“काय झालं?” उस्ताद म्हणाले.

लिहिणाऱ्याचा हात घाईचा होता. घाईच्या उर्दूत टिंबं टिंबांसारखी येत नाहीत. तीन टिंबं एका फटकाऱ्यात होतात. नावातलं पहिलं अक्षर ‘बे’, त्यात शंका नाही. मग काना, आणि त्याच्यापुढच्या अक्षराच्या पोटाखाली शाईचा एक जाडसर ठिपका होता. तो एक टिंब असेल तर ‘बे’, आणि नाव बाबू. तीन असतील तर ‘पे’, आणि नाव बापू. मी कागद उजेडाकडे धरला, तिरका धरला, मागून पाहिला. वडिलांच्या हाताखाली शेकडो कागद वाचले, असा अडले नव्हते. बापाचं नाव लिहिलेलंच नव्हतं.

उस्तादांना मी सगळं समजावलं. त्यांनी कागद हातात घेऊन त्या ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू तो हलेल.

“एवढी जिंदगी गेली वहिनीबाई, पन टिंबानं गोल केलेला मी न्हाई पाह्यला.”

पत्र पाठवून विचारावं म्हटलं तर जाऊन येऊन आठ-दहा दिवस. जुम्मा चार दिवसांवर. दोघांना पाठवावं तर पास एकाचा, जागा एकाची. मी त्यांनाच विचारलं, तुमच्या मते कोण?

“मला नका इचारू. दोघायला सारखं शिकवलं. आता एकाचं नाव घेतलं, तर उद्या दुसऱ्याला कोन्या तोंडानं म्हनू, डाव्या पायानं मार?” मग जरा थांबून म्हणाले, “तुमी वाचाल ते बराबर. तुमी वाचा.”

मी कागदाकडे पाहत राहिले. मनाशी खरं सांगायचं तर ओठांवर ‘बापू’च आलं होतं. सात वेळा घडी केलेली बंडी डोळ्यांसमोर होती. आणि मी ‘बापू’ वाचलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं, हीच मोठी अडचण. खोटं असतं तर सोडून देणं सोपं होतं. पण झुंबरबाईही डोळ्यांसमोर होती, नाकाला पदर बांधून कापसाच्या धुरळ्यात बसलेली. बापूला शाळा होती, पुढे भावाच्या वशिल्यानं कचेरी होती. बाबूला सरकीची पोती होती. आणि यातलं कशाचंही त्या ठिपक्याशी नातं नव्हतं. नाव त्याचं असेल तर त्याचं, माझी कीव कोणाला हवी होती?

एवढ्यात बापू शाळेतून आला. उस्तादांना अवेळी पाहून दारातच थबकला. किती ऐकलं कोण जाणे. दप्तर ठेवलं आणि माझ्यापुढे हात केला. मी कागद दिला.

त्यानं तो पहिल्या ओळीपासून वाचला. घाई केली नाही. नावापाशी आला तेव्हा अंगणाच्या उन्हात दोन पावलं गेला. त्याची पाठ आमच्याकडे होती. मला दिसले ते त्याचे कान, लहानपणी तेल लावताना मी ओढायची तेच.

“बाबू आहे,” तो वळून म्हणाला. “एकच टिंब आहे वहिनी. शाई पसरली म्हणून जाड दिसतंय.” ‘एकच टिंब’ ऐकून अरूनं पाटीवरून मान वर केली.

“नीट वाचलंस ना रे?” उस्तादांनी विचारलं.

“शाळेत पहिला आहे मी उर्दूत.”

असं म्हणत त्यानं कागदाची घडी केली. काठाला काठ जुळवून, वरून अंगठा फिरवून, आणि दोन्ही हातांनी उस्तादांना दिली. उस्ताद त्या घडीकडे पाहत राहिले. मीही. आम्हा दोघांना ती घडी कुठं पाहिली ते आठवलं असणार. मी म्हणू शकले असते, आण इकडे, मला तर तीन दिसतात. पण त्याच्या हातून ते काढून घेणं मला जमेना.

उस्ताद उठले. फक्त पास घेतला आणि कागद भिंतीतल्या देवळीत ठेवला. बापूच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “मंग चल. तूच सांग त्याला.”

गुरुवारी आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. झुंबरबाईनं धपाट्यांचं गाठोडं बांधलं होतं, एवढं की पोरगा त्याखाली वाकला. ती गाडीपेक्षा गाठोड्याकडेच बघत होती. बाबू खिडकीतून बापूला म्हणाला, त्या बुटांनी पाय चावले तर मी वापस येऊन राह्यलो बघ, मंग तू जा. बापू म्हणाला, चावले तर तूही चाव, आमच्या ओसरीवर कसा भाकरीला चावतोस तसा. दोघं हसले. गाडी हलली तेव्हा बापू फलाटाच्या टोकापर्यंत पळाला, डाव्या बाजूनं.

घरी येऊन तो कपडे बदलून मैदानावर गेला. रोजच्यासारखाच. दिवेलागणीला ओसरीवर एकाच पायाचे ठसे उमटले होते. मी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुसले नाहीत. ह्यांनी विचारलं, सारवण राहिलं का? मी म्हटलं, वेळ नाही झाला.

आता कच्च्या टीमला डावा पाय बापूच शिकवतो. उस्तादांनी गेरूची बादली त्याच्या हवाली केलीय. पोरं चकरा मारताना कुरकुरली की तोही त्यांच्याबरोबर पळतो. पहिल्या टीमची बंडी आता एकट्याच्या वाट्याला आली, तरी शिटी वाजली की ती तशीच घडी होऊन परत जाते. परवा बाबूचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. बूट मिळाले, चावतात, मीही चावतो. बापूनं ते चार वेळा वाचून दाखवलं आणि चारही वेळा हसला.

मी मात्र तो कागद देवळीतून किती वेळा काढला, सांगता येणार नाही. बाळ निजलं, चुलीवर आधण ठेवलं, की मधल्या त्या घटकाभरात हात तिकडेच जातो. कधी एक दिसतं. कधी वाटतं, नाही, फटकारा आहे. बापूला विचारायचं मी मनाशी ठरवून ठेवते आणि तो समोर आला की ताक वाढते.

आज दुपारीही कागद काढला होता आणि बाळ रडलं म्हणून पाटाजवळ तसाच ठेवून उठले. झोळीला झोका देऊन वळले तर अरूनं तो खिडकीत नेऊन उन्हात धरलेला. नाक कागदाला लागलं होतं. ओलं बोट त्या ठिपक्याजवळ धरून ती मोजत होती, हळूहळू, पाटीवर मोजते तशी.

“आई, हा गरीब नाही,” ती म्हणाली. “हा पे आहे. मग यातली दोन टिंबं काकानं कुठं ठेवली?”