पाट्यावरचा पळस

मित्रांनो, तुमच्या घरी चटणी मिक्सरमध्ये होत असेल, तर तुम्ही मला पाहिलेही नसेल. मी एक जुना पाटा आहे, काळ्या दगडाचा. वरवंटा माझा जोडीदार. कसबा पेठेतल्या एका इमारतीत मी वर्षानुवर्षे पुरण वाटले, ओले वाटण वाटले. "पाट्यावरच्या चटणीची सर कशाला नाही," असे पाहुणे म्हणाले की मला धन्य वाटे.

मग घरोघरी मिक्सर आले आणि माझी रवानगी गच्चीच्या जिन्यात झाली. एकदा सोसायटीचे सचिव रावसाहेब मला ठेचकाळले. माझ्या मालकीणबाईंना, पूर्णिमाताईंना म्हणाले, "अहो, पाटा ठेवलाय की पायरी वाढवलीये? सोमवारी राडारोड्याची गाडी येतेय. द्या त्यात."

पूर्णिमाताई हिंजवडीच्या संगणक कंपनीत नोकरीला. रविवारी मात्र त्या इमारतीतली मुले गच्चीवर जमवून पाने, बिया, माती यांतून चित्रे करवून घेत. "जाता जाता आमच्या कामी तरी ये," म्हणत त्यांनी मला गच्चीवर नेऊन आडवे केले. मुलांनी टेकडीवर झाडाखाली पडलेली पळसाची फुले वेचून आणली होती. त्यांचा रंग हवा होता. पूर्णिमाताईंच्या मुलीने, ऋतिकाने, वरवंटा ओढला. पाकळ्या नुसत्या घसरल्या.

"आई, हा तर फरशीसारखा गुळगुळीत आहे!"

"झिजला बिचारा. राहू दे."

संपले, असे मला वाटले. तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "टाकीऽऽ! टाकी लावायची काऽऽ?"

पूर्णिमाताई कठड्यावरून ओरडल्या, "नको हो! आमची टाकी गेल्याच महिन्यात धुतली!"

खाली हाक देणाऱ्या शकूबाई हसत सुटल्या. "पान्याची न्हाय ओ ताई! छिन्नीची टाकी! पाटा हाय का घरात?"

"आहे, आहे! वर या!" ऋतिका किंचाळली.

शकूबाईंनी मला न्याहाळले. "पार टक्कल पडलंय की ह्याला!" मुले खिदळली. मग छिन्नी-हातोडी सुरू झाली. घाव झोंबत होते. अंगभर बारीक खळगे पडले. दगडाची कच निघावी म्हणून आधी मूठभर तांदूळ वाटून फेकले आणि मला धुतले.

पुन्हा पळस आला. आता पाकळ्या खळग्यांत अडकल्या, फाटल्या, त्यांच्या बारीक पेशी फुटल्या आणि आतला केशरी रस वाहू लागला. मुलांनी तो फडक्यातून गाळला. गलका ऐकून रावसाहेब वर आले, तर मुलांनी रंगवलेल्या कागदावर तेच होते, केशरी मिशांसकट.

"मिशा बऱ्या जमल्यात," ते म्हणाले. "काळ्या करायच्या राहिल्या, एवढंच."

"आणि पाटा?" ऋतिकाने घाबरत विचारले.

"जिन्यात नको म्हणालो होतो. गच्चीबद्दल मी काही बोललो का?"

सोमवारी गाडी आली, खाली घरघरली आणि निघून गेली. मी गच्चीवर उन्हात निवांत पडून होतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला निघालात, तर क्षणभर थांबा. ती मोडली आहे, की नुसती गुळगुळीत झाली आहे, एवढे पाहून घ्या.