नववं गाणं

अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून एक मुलगी घरी मुलाखत घ्यायला आली होती. कॅमेऱ्यासमोर सोफ्यावर नवरा-बायको बसले. तो संगीतकार, ती गीतकार. त्या अल्बमने दोघांचं नाव झालं. त्याआधीच्या तिच्या गाण्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"एवढं दुःख शब्दांत आलं कुठून?" मुलीने विचारलं.

ती बोलायच्या आत तोच हसला. "आता सांगायला हरकत नाही. हिची गाणी तेव्हा नुसती गोडमिट्ट. म्हटलं, चटका बसल्याशिवाय काही खरं नाही. दुसरी कुणीतरी आहे असं सांगून घर सोडलं. दुसरी कसली, बोडक्याची. दादाकडे राहिलो. वहिनीच्या हातचं खाऊन वजन वाढलं माझं."

ती हसत राहिली, कारण कॅमेरा चालू होता. जाऊबाई तेव्हा रोज फोन करायच्या. 'धीर धर गं' म्हणायच्या, आणि काही लिहितेस का, हेही न चुकता विचारायच्या. म्हणजे सगळ्या घराला ठाऊक होतं. आंधळी कोशिंबीर चालली होती आणि पट्टी हिच्या एकटीच्या डोळ्यांवर.

"गाणी पुरी झाली, आलो परत," तो सांगत होता. "हिने दार उघडलं, एका शब्दाने विचारलं नाही. सोनं आहे सोनं."

मुलगी तिच्याकडे वळली. "नवव्या गाण्यात 'येऊ नकोस' म्हणता, ते यांनाच ना?"

"नाही." भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलली. "हे गेले तेव्हा मला दिवस गेले होते. यांना सांगायचं राहूनच गेलं. बापाविना पोर एकटीने कशी वाढवू, म्हणून दवाखान्यात जाऊन मोकळी झाले. घरी येऊन ते गाणं लिहिलं. पुढे मूल झालंच नाही. हे समजतात, खोट माझ्यात आहे."

शब्दन् शब्द खरा होता.

"कॅमेरा बंद कर," तो म्हणाला.

"राहू दे गं चालू," ती म्हणाली. "यांना आवडतं असलं."

मुलगी गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "उगाच बोललीस ना? माझी जिरवायला?"

ती कपबश्या विसळत होती. उगाच म्हटलं असतं तर तो जेवून घोरत पडला असता. खरं म्हटलं असतं तर रडून मोकळा झाला असता.

"तुम्हाला काय वाटतं?"

तेव्हापासून तो रोज विचारतो. ती कधी हो म्हणते, कधी नाही. मनाला येईल तसं.