बुटांच्या पिशवीतला कोट

आधी कपाट गच्च भरायचं आणि मग जागा नाही म्हणून ओरडायचं, ही कुठली रीत? दोनदा अंगात घालायचं, तीन वर्षं अंधारात टांगून ठेवायचं आणि वर म्हणायचं, "हा उगाच जागा खातो!" मी काही खात नाही हो. मी एक कोट आहे, गडद निळा, चंदेरी अस्तराचा. इतकी वर्षं गप्प होतो, आता बोलतोय.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या अमोघने मला मित्राच्या लग्नासाठी घेतलं. दुसऱ्यांदा घातलं ते ऑफिसच्या समारंभाला. मग कपाट. एक दिवस त्याच्या बायकोने, क्षितिजाने, मला आणि पाच शर्ट जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या हुस्नाच्या हवाली केले आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. पातेल्यावर तिने टिचकी मारून पाहिली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

हुस्ना पौडची. सोसायट्यांमधून जुने कपडे आणायचे, धुवायचे, तुटलेली गुंडी लावायची, इस्त्री करायची आणि आठवडी बाजारात टांगायचे, हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, सलीमचा, धंदा.

कपाटात मला माणसांचे फक्त आवाज ऐकू यायचे. बाजारात ती दिसायला लागली आणि माझं कुतूहल संपेना. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या खिशात हात घालतो. काय शोधतात कोण जाणे! बायका शिवण उलटून बघतात, म्हातारे कापड उजेडात धरतात. पण तेवढ्यात कुणी ओळखीचं दिसलं, की मला सोडून शेजारच्या लसणाच्या ढिगाकडे वळतात. लसूण निवडायला कुणाला लाज वाटत नाही. मग मला निवडताना का?

हुस्नाकडे पिशव्यांचा एक गठ्ठा असायचा. नव्या दुकानांच्या, चकचकीत. ज्या घरांतून कपडे येत, तिथूनच त्याही येत. कपडा घेतला की गिऱ्हाईक हळूच म्हणायचं, "ताई, पिशवी जरा बरी द्या." तिच्याकडून निघालेला प्रत्येक जण शोरूममधूनच आल्यासारखा घरी जायचा.

गेल्या बाजारी कोळवण खोऱ्यातली किमया आली. मागे तिचे वडील, एकनाथ. रविवारी तिचा साखरपुडा होता आणि नवऱ्या मुलाला पोशाख द्यायचा होता.

"मापाचं कसं गं?" हुस्नाने विचारलं.

"खांदं तुमच्या ह्यांच्याएवढंच हायेत."

झालं! सलीमला उभं करून मला त्याच्या अंगात चढवलं.

"दर बाजारी नवरदेव करतीया मला," सलीम म्हणाला, "पर नवरी काय गावत न्हाई."

"गप उभं ऱ्हावा. हाय ती झेपंना आन् म्हणं नवरी!"

एकनाथला हसू आलं नाही. "बाय, पाव्हण्यांना कळलं तर सोयरीक मोडंल. नवा घेऊ की. ऐपत न्हाई का आपली?"

"ऐपतीचं न्हाई आण्णा. एका दिसाच्या फोटूला नवा कोट आणायचा आन् मग जलमभर टांगून ठेवायचा. ह्यो काय वाईट हाय?"

"आन् कुणी इचारलं तर?"

"तर सांगंन."

एवढं बोलून तिने पैसे मोजून हुस्नाच्या हातावर ठेवले.

"मग निदान पिशवी तरी मला निवडू दे," एकनाथ म्हणाला. त्याने सगळ्यांत झगझगीत पिशवी उचलली, काळी, सोनेरी इंग्रजी अक्षरांची. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि किमयाने रागाने तिकडे पाहिलंच नाही.

रविवारी ओसरीवर माणसं दाटली. दिग्विजयला, म्हणजे नवऱ्या मुलाला, टिळा लावून पिशवी त्याच्या हातात दिली. त्याच्या मामांनी, दयानंदांनी, पिशवीत डोकावून मला पाहिलं, मग चष्मा सावरून वरची अक्षरं वाचली.

"एकनाथराव, हे तर बुटांचं दुकान हाय! तितं कोट कवापासनं मिळाय लागलं?"

ओसरी हसली. मी पिशवीत घडी होऊन पडलो होतो आणि एवढंच मागत होतो, की मला नवा म्हणू नका. जुना असल्याचं मला काही वाटत नाही. थापा मारून चिकटवलेलं नवेपण मात्र टोचतं.

किमया उठून उभी राहिली. "मामा, कोट पौडच्या बाजारातला हाय. कुणीतरी वापरल्याला. मीच घेतलाय, आण्णा नकोच म्हणत हुते. खोटी तेवढी पिशवी हाय."

हसू विरलं. एकनाथने डोळे मिटून घेतले. दिग्विजयने मला बाहेर काढलं, किमयाकडे पाहिलं आणि शांतपणे अंगात घातलं.

"काढ त्यो!" मामा कडाडले. "दुसऱ्याचं अंगात घालून साखरपुडा करतोस व्हय?"

"मामा, आपुन ज्या जीपनं आलो, ती तुमच्या आधी किती जणांनी चालवलीया?"

क्षणभर कुणालाच कळेना, हसावं की नाही. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी ओसरी पुन्हा हसली. या खेपेला मामांकडे बघून.

आता अंगठ्या घालून झाल्यात, पेढे फिरताहेत. मी दिग्विजयच्या खांद्यांवर आहे. बाही बोटभर लांब आहे, पण कपाटापेक्षा इथे ऊब आहे. मामा कोपऱ्यात चहा फुंकत बसलेत. त्यांच्या बायकोने, आशालतामामींनी, माझी कॉलर चिमटीत धरून पाहिली आणि किमयाच्या कानाशी लागून विचारलं, "तितं सफारी मिळत्यात का गं, आमच्या ह्यांच्या मापाच्या?"