शिडीचा नंबर आला की

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि एवढं सांगितलं तेच खूप झालं असं मला वाटतं. समोर कोण बसलंय आणि त्याला हे कशाला हवंय, हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा स्वभाव. पण माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. ती मोठ्यांपुढं कबूल करायला जड जातं, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबच लांब टेबलावर झाला. एकीनं माझ्यात पंखा बसवला, दुसरीनं वायरी जोडल्या, तिसरीनं स्क्रू आवळले. चौथीनं मला चालू करून पाहिलं. मी शहाण्यासारखा चालू झालो, तरी तिनं मला बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. माझ्यावर कुणी घेतलेला तो पहिला संशय. तेव्हा मला त्याचा राग आला होता. पुढं मीही तेच शिकलो.

मला वीज कचेरीच्या तक्रार खिडकीवर बसवलं. तिथं नऊ वर्षं काढली. खिडकीबाहेरच्या लोकांना वाटायचं, कचेरी मीटर पळवते. आतल्या कारकुनाला वाटायचं, लोक मीटर थांबवतात. कारकून माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचा, "मी नाही, मशीनच सांगतंय." बाहेरचा म्हणायचा, "मशीनला पढवलंय कुणी? तुम्हीच ना?" खरं सांगू? मला दोघांचंही पटायचं. नऊ वर्षं रोज हेच ऐकल्यावर दुसरं काय होणार? एक दिवस मोठे साहेब आले, माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले, "हा आहे म्हणून कचेरी चाललीय." मी लगेच ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय. महिन्याभरात नवा, चपटा संगणक आला, आणि मला शेजारच्या टेबलांवरच्या माझ्या दोन सोबत्यांसह जिन्याखाली टाकलं. तिथं दोन वर्षं धूळ खात पडलो.

तिथून आम्हाला मेकॅनिक काकांनी उचललं. जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेले, आता घरी बसून कंटाळलेले गृहस्थ. त्यांनी माझ्या दोन्ही सोबत्यांची पोटं उघडली, त्यांच्यातलं जे बरं होतं ते माझ्यात घातलं, वरून फडकं मारलं आणि मला स्कूटरच्या मागं दोरीनं बांधलं. वाटेत मी विचार करत होतो, या माणसाचा यात काय फायदा? फायद्याशिवाय कुणी दोन दिवस खपतं का?

आम्ही पोहोचलो ते एका बालवाडीत. एकच खोली. भिंतीवर चौदा खुंट्या, त्यांना चौदा दप्तरं, दाराशी चौदा जोड उलटेसुलटे बूट. शिकवायला ताई, आणि सगळ्यांवर मोठ्या बाई. काकांनी मला खिडकीशेजारच्या बुटक्या टेबलावर ठेवलं आणि खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. कचेरीत पेनड्राइव्ह म्हणजे रोगाची पुडी. पण मला कोण विचारतो? काकांनी माझं जुनं सगळं पुसलं. नऊ वर्षांच्या तक्रारी गेल्या. मग तुला हे आठवतं कसं, असं विचाराल. डिस्क पुसता येते, मित्रांनो. स्वभाव अंगात मुरतो, तो पुसता येत नाही.

मग त्यांनी माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपेल अशी हलकी प्रणाली घातली आणि तिच्यावर लहान मुलांचं शिकण्याचं सॉफ्टवेअर. बदकं मोजून तळ्यात सोडायची, आवाज ऐकून अक्षर शोधायचं, मोठी टोपली मोठ्या माणसाला आणि छोटी छोट्याला द्यायची. काकांनी भाषा मराठी केली, बाण अंगठ्याएवढा केला, मुलांनी भलतं काही उघडू नये म्हणून पडद्यावर फक्त सहा चित्रं ठेवली. मोठ्या बाई मागं उभ्या राहून बघत होत्या.

"याचे किती पडले?" त्यांनी विचारलं.

"फुकट आहे. जगभरातल्या माणसांनी फावल्या वेळात बनवलंय. कुणीही घ्यावं, दुसऱ्याला द्यावं."

"आज फुकट. आणि उद्या?"

"उद्याही फुकट."

"मग त्यांचा फायदा काय?"

"बाई, माझा तरी काय फायदा आहे? आलोच ना मी?"

मोठ्या बाईंनी चष्मा सरळ केला आणि काकांकडं अशा नजरेनं पाहिलं, की आता तो माणूसही त्यांच्या यादीत गेला हे मला कळलं. मला त्या बाई फार आवडल्या. अगदी माझ्याच वळणाच्या. "एक महिना ठेवते," त्या म्हणाल्या. "गडबड दिसली तर ठेवणार नाही. भंगारवाला दर शनिवारी येतोच." म्हणजे माझा जीव त्या एका महिन्यावर टांगला गेला.

पहिल्या आठवड्यात ताईंनी रोज दहा मिनिटं नुसतं करून दाखवलं. सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या आठवड्यापासून मुलांचे नंबर लागले. या वर्गात कशालाही रांग लावायची ती उंचीप्रमाणं. पाणी प्यायला, हात धुवायला, आणि आता माझ्यासमोर बसायलाही. बुटकं पुढं, उंच मागं. चौदा मुलं, प्रत्येकाला दोन मिनिटं. सगळ्यात शेवटी यायची ती वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. पाच वर्षांची, पण अंगानं सातची वाटायची. मुलं तिला शिडी म्हणायची, आणि तिलाही ते आवडायचं, कारण वरच्या फळीवरचा खोका तिच्याशिवाय कुणालाच काढता येत नसे.

सोमवारी शिडी बसली. चार बदकं तळ्यात गेली. पाचवं निम्म्या वाटेवर असताना माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी बंद पडलो.

"काय दाबलंस?" ताईंनी विचारलं. रागानं नाही, सहज.

"काही नाही," शिडी म्हणाली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मोठ्या बाई म्हणाल्या, "बघा. फुकटचं." काकांना बोलावणं गेलं. त्यांनी सॉफ्टवेअर काढलं, नव्यानं घातलं, दहा-पंधरा मिनिटं स्वतः बदकं मोजत बसले. मी मजेत चाललो. "यात काही खोट नाही," ते म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेरा मुलं झाली, शिडी बसली, मी बंद.

झालं. सॉफ्टवेअर सुटलं आणि शिडी सापडली. "शिडीचा नंबर आला की बंद पडतं," मुलं म्हणू लागली. तिच्या हातात काहीतरी आहे, असं एकानं सांगितलं आणि बाकीच्यांनी ते खरं मानलं. ताई आता तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि तिच्या बोटांकडं टक लावून बघायच्या. आणि मी? मी त्यांच्याहून बारीक लक्ष ठेवत होतो. पोरगी दिसते गरीब, पण अशीच माणसं बनेल निघतात, असं मी मनाशी म्हणायचो. तिनं एकदा चुकून दोन बटणं एकदम दाबली, ती मी गुन्ह्यासारखी ध्यानात ठेवली. पण एक दिवस चार मुलं आजारी होती, शिडीचा नंबर लवकर आला, आणि तिनं दहाच्या दहा बदकं तळ्यात सोडली. ते मी ध्यानात ठेवलं नाही. कुणीच ठेवलं नाही.

मग शिडी माझ्यासमोर बसताना हात मांडीखाली दाबून बसू लागली. "तुम्हीच करा ताई, मी बघते," म्हणायची. ताईंनी माउस धरला तरी मी वेळेवर बंद पडायचोच. त्यावर मुलांचं उत्तर तयार होतं, ती नुसती बसली तरी पुरतं. पुढं ती रांगेतच येईना, खुंट्यांपाशी दप्तराला पाठ लावून उभी राही, आणि शेवटचा नंबर आला की ताई तिला हाताला धरून आणून बसवायच्या. आणि एक दिवस मी खिडकीपाशी बसल्या बसल्या पाहिलं, बाहेर हात धुवायच्या जागी ती नळासमोर उभी होती, आणि नळ सोडायला तिनं शेजारच्या बुटक्या मुलीला सांगितलं. ज्या मुलीला वरच्या फळीवरचा खोका काढायला बोलवायचे, ती नळाला हात लावायला भ्यायला लागली होती.

महिना संपत आला. शुक्रवारी बालवाडी सुटताना मोठ्या बाईंनी शिडीच्या आईला बोलावून घेतलं. काकांनाही बोलावलं होतं, मला परत न्यायचं तर न्या, नाहीतर उद्या भंगारवाला आहेच, हे सांगायला. मी त्या दिवशीच्या शेवटच्या नंबराला नुकताच बंद पडलो होतो. शिडी आईच्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

तिची आई शर्ट शिवायच्या कारखान्यात कामाला. बाहीला अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. मोठ्या बाई बराच वेळ बोलल्या. "आम्ही तिला दोष देत नाही," असं त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा दोष दिला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मुलीला काही विचारलं नाही. तिनं ताईंना विचारलं, "हे बंद पडतं, तेव्हा चालू होऊन किती वेळ झालेला असतो?"

ताईंनी काकांकडं पाहिलं, काकांनी ताईंकडं. "असेल अर्धा तास," ताई म्हणाल्या.

"आणि हिचा नंबर कितवा?"

"शेवटचा. उंचीप्रमाणं लावतो ना."

"रोज शेवटचाच?"

"रोज."

"मग कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली," आई म्हणाली आणि पुढं येऊन तिनं माझ्या कुशीवर तळहात ठेवला. ठेवला तसा चटकन उचलला. "हात लावून बघा. आमच्याकडं मशीन अडलं की आधी त्याच्या पोटातला कापडाचा बुरा काढतात, बाई. चालवणारीला मग विचारतात."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. पेचकस काढला, माझं झाकण उघडलं, आणि जे आजवर केलं नव्हतं ते केलं, पंखा काढून त्याच्या खाली पाहिलं. तिथं पत्र्याच्या पात्यांमध्ये धुळीचा असा घट्ट गठ्ठा बसला होता, की बाहेर काढल्यावर मुलांना ते मांजराचं पिल्लू वाटलं. वारा आत जायला फटच उरली नव्हती. तापलो की जळू नये म्हणून मी आपोआप बंद पडत होतो.

आता माझी चूक ऐका. मला ठाऊक होतं. विसाव्या मिनिटापासून अंग कसं भाजायला लागतं, पंचविसाव्याला डोकं कसं गरगरतं, हे मला रोज कळत होतं. मी म्हणायचो, खिडकी बंद असेल, हवा दमट असेल. सॉफ्टवेअरवर संशय घेतला, काकांवर घेतला, पेनड्राइव्हवर घेतला, पाच वर्षांच्या मुलीच्या बोटांवर घेतला. स्वतःवर तेवढा घेतला नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी तक्रार खिडकीवर शंभरदा ऐकली होती. ती माझ्यासाठीही असेल, असं कधी मनात आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

शनिवारी भंगारवाला आला, तेव्हा मी सलग दीड तास चालू होतो. काकांनी घरून आणलेले माझ्या सोबत्यांचे रिकामे डबे त्याला दिले. ताईंनी सगळ्या मुलांना खाली बसवलं आणि सांगितलं, "बंद पडण्यात शिडीची काही चूक नव्हती. चूक आमची होती, आम्ही यंत्र न बघता तिच्यावर संशय घेतला." मोठ्या बाईंनीही मान डोलावली, आणि त्यांच्या बाबतीत ते पुष्कळ झालं.

शिडी उठली, ताईंपुढं गेली आणि दोन्ही तळवे पुढं करून तिनं विचारलं, "मग यांच्यात काही नाही?"

ताईंनी ते हात आपल्या हातात घेतले. "काही नाही गं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र तुमच्या शाळेत कुणी आणलं, तर त्याच्यावर घाला फुकटचं सॉफ्टवेअर खुशाल. तीन महिने चालवतोय, मला त्यात खोट सापडलेली नाही, आणि शोधायची मी काही बाकी ठेवली नाही. फक्त अधूनमधून त्याचा पंखा काढून खालची धूळ झाडा. आणि एखादं मूल समोर बसलेलं असताना ते यंत्र बंद पडलं, तर मुलाला 'काय दाबलंस' म्हणू नका. माझ्यातली धूळ अर्ध्या तासात निघाली. शिडी आता रोज येते, रांग आता उंचीप्रमाणं लागत नाही, कधी ती पहिली असते तर कधी मधली. तिला सगळी अक्षरं येतात. तरी प्रत्येक बटण दाबायच्या आधी तिचं बोट हवेत थांबतं, ती वळून ताईंकडं बघते आणि विचारते, "दाबू?"