डाव्या बाजूचा दादा

क्लबच्या खोलीतल्या टेबलावर चादर दिसली की समजायचं, कुणीतरी क्लब सोडून चाललंय. एरवी त्या टेबलावर पट्ट्या, मलमं, कुणाचे तरी ओले मोजे असा सगळा पसारा असायचा. आज चादर होती आणि चादरीवर पावांच्या तीन टोपल्या. दादाने आणलेल्या. स्वतःच्या निरोपाला स्वतःच पाव भाजून आणणारा माणूस वायरमनने आयुष्यात हा एकच पाहिला.

"तुम्ही बाहेरून आणले असतेत म्हणजे झालंच," दादा म्हणाला. "जाता जाता माझी अब्रू गेली असती."

दादा बेकरीवाला. वय पन्नास, त्यातली चोवीस वर्षं या क्लबात. हा क्लब काही नावाजलेला वगैरे नव्हता. आठवडाभर आपापल्या धंद्यात राबायचं आणि शनिवारी रग्बीच्या नावाखाली चिखलात लोळायचं, असे पंचवीस-तीस हौशी लोक. जिंकण्यापेक्षा हरण्याचीच सवय जास्त. त्यातला वायरमन दादापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि गेली एकोणीस वर्षं स्क्रममध्ये दादाच्या शेजारी.

हे 'शेजारी' जरा समजून घ्यायला हवं. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत खांदे अडकवून समोरासमोर भिडतात आणि रेटारेटी करतात. पुढच्या रांगेत तिघे. मधला आपले दोन्ही हात आजूबाजूच्या दोघांच्या खांद्यांवर टाकतो आणि ते दोघे मागून त्याचा शर्ट मुठीत धरतात. वायरमन मधला. उजवीकडे डेंटिस्ट, ज्याला आपली निम्मी गिऱ्हाइकं या मैदानावरच मिळाली असं सगळे म्हणायचे. आणि डावीकडे दादा. कानाला कान लागलेला, गालाला दाढी टोचतेय, आणि अंगाला भट्टीचा, खमिराचा वास. सामन्याच्या दिवशीही तो पहाटेची भट्टी उरकूनच यायचा. त्या वासाने वायरमनला भर धुमश्चक्रीत भूक लागायची, आता बोला!

एकोणीस वर्षांत काय काय झालं नाही! भाड्याची व्हॅन घाटात बंद पडली तेव्हा अख्ख्या संघाने ती स्क्रम करून ढकलली होती आणि दादा आतून ओरडत होता, "सरळ रेटा रे, दरीत घालाल!" वायरमनचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना पहिला फोन दादाने केला, कारण वायरमनच्या घशातून आवाजच फुटेना. वायरमनचे वडील गेले त्या आठवड्यात रोज सकाळी दाराशी पाव ठेवलेला असायचा. बेल न वाजवता. त्यावर कधी दोघे एक शब्द बोलले नाहीत.

आणि अशा माणसाच्या पाठीमागे वायरमनने काम केलं होतं. गेले दोन महिने ते त्याला खात होतं.

झालं होतं असं. या हंगामातल्या तिसऱ्या सामन्यात स्क्रम भिडली आणि वायरमनच्या पाठीवरची दादाची मूठ सैल पडली. क्षणभरच. पुढच्या वेळी पुन्हा. त्याच्या पुढच्या सामन्यात तर बोटं नुसतीच शर्टावर टेकलेली होती. समोरच्यांना कळलं नाही, पंचांना कळलं नाही. सामना संपल्यावर दादाने चहाचा कप डाव्या हाताने उचलला, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. वायरमनच्या मात्र आलं. तारेतून करंट कुठे तुटतोय हे शोधण्यातच त्याचा जन्म गेला होता. हातात जोर नाही म्हणजे गडबड मानेत आहे, एवढं त्याला उमगलं.

दादाला सांगायचं सोडून तो क्लबच्या फिजिओबाईंकडे गेला. माझं नाव घेऊ नका म्हणाला. बाईंनी चाळिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी लावली आणि त्यात दादा सापडला. मानेचे मणके झिजलेले, नस दबलेली. एक वाईट धक्का बसला तर हात कायमचा जाईल, कदाचित पायही. खेळ त्या दिवशीच बंद. शेवटचा सामनासुद्धा नाही. दादा नुसतं "बरं" म्हणाला आणि बूट पिशवीत टाकून निघून गेला.

आज भाषणाची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी वायरमनलाच पुढे ढकललं. त्याने व्हॅनची गोष्ट सांगितली, लोक खो खो हसले. दादाची बायको, सगळ्यांच्या वहिनी, पदराने डोळे पुसत हसत होत्या. "आणि या तपासणीमुळे..." इथवर येऊन वायरमन अडकला. आता बोलून टाकावं की गिळून टाकावं? आज राहिलं तर उरलेला जन्म या माणसाशी खोटं हसावं लागणार होतं. तो पाणी प्यायला, "दादासारखा दादाच," असलं काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला. स्वतःची इतकी चीड त्याला कधीच आली नव्हती.

मग सगळे मैदानावर गेले. क्लबची रीतच होती. जाणाऱ्याला त्याच्या जागी उभं करायचं, आजी-माजी सगळ्यांनी त्याच्याभोवती स्क्रमसारखं गुंफायचं आणि मध्यरेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत चालत न्यायचं. समोर कुणी नाही, रेटा नाही. रेषेवर पोचलं की सगळ्यांनी हात सोडायचे, की झाला तो माजी खेळाडू.

"कुणी वाकायचं नाही हं," फिजिओबाईंनी बजावलं. "मान ताठ!"

इस्त्रीच्या शर्टांत, चांगल्या चपला-बुटांत सगळी फौज गुंफली. वायरमनने हात टाकले, डावा अगदी अलगद. चालायला लागले. मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं, बेसूर. त्या गोंगाटात दादा त्याच्या कानाशी म्हणाला, "बाईंना तू सांगितलंस."

वायरमनचा पाय अडखळला.

"चालत राहा. मान तपासायला आल्या आणि पहिल्यांदा म्हणाल्या, उजवी मूठ आवळा. माझ्या मुठीची खबर लागली तर दोघांनाच लागणार. एक तुझी वहिनी. तिला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे उरलास तू."

"दादा, मी..."

"एकोणीस वर्षं माझ्या कानाला कान लावून उभा राहिलास ना रे? मग कानात सांगता आलं नाही तुला?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. वायरमनचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "तीनदा बेकरीच्या दारापर्यंत येऊन परत गेलो. तू म्हणाला असतास, गप बस, हा हंगाम खेळू दे. आणि तू म्हणालास की मी गप बसतो, दादा. मला तीच भीती होती."

मागचं गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं.

"म्हणालो असतो," शेवटी दादा म्हणाला. "तेच म्हणालो असतो. शपथ घातली असती तुला."

"हं."

"म्हणून तर तुझा राग धड करताही येत नाहीये, गाढवा."

रेषा आली. मागच्यांनी हात सोडले, टाळ्या वाजल्या, डेंटिस्ट बाजूला झाला. मोकळ्या मैदानावर इस्त्रीच्या शर्टातले दोघेच एकमेकांना तसेच धरून उभे राहिले.

"सोड आता," दादा म्हणाला.

"तू सोड आधी."

"अहो, पुरे झालं!" वहिनी लांबून ओरडल्या. "पाव गार होतायत!"

दोघांपैकी कुणीच सोडलं नाही.